बंडूला सगळे आवडतात

संपादकांनी फोनवर "तुमच्या कामातल्या आठवणी लिहा" म्हटलं तेव्हा मी त्यांना आधी माझं वय सांगितलं. एकोणतीस. आठवणी लिहायला माणूस निवृत्त लागतो, निदान त्याचे गुडघे तरी दुखायला हवेत. ते म्हणाले, "गुडघ्यांचं राहू द्या हो. सात वर्षं कुत्र्यांच्या भांडणात उभ्या आहात ना?" आहे. पोटरीवर दोन आणि उजव्या मनगटावर एक अशा तीन खुणा आहेत. तेव्हा लिहिते.

आमचं काम लोकांना वाटतं तेवढं गोड नाही. 'अय्या, दिवसभर कुत्र्यांशी खेळता!' असं कुणी म्हणालं की मी त्यांना आमच्या व्हॅनचा मागचा दरवाजा उघडून वास घ्यायला लावते. आम्ही सहा जण आहोत. रस्त्यावरची कुत्री जाळीनं पकडायची, नसबंदी करून घ्यायची, खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं असतं ती जखम बरी झाली की लस टोचून कुत्रं जिथून उचललं त्याच कोपऱ्यावर परत सोडायचं. त्याच कोपऱ्यावर, पुढच्या गल्लीत नाही. कुत्र्याचं घर म्हणजे तो कोपरा असतो, हे मी आजवर शेकडो वेळा ओरडून सांगितलंय आणि पुढेही सांगणार आहे. उरलेल्या वेळात पाळीव कुत्र्यांच्या घरी जाऊन माणसांना समजावायचं. आणि तिसरं काम पत्रकं काढायची. ते खातं माझं.

पत्रक लिहायला मला कुणी वेगळं शिकवलं नाही. विश्रांतवाडीत आमच्या घरी ते पोह्यांसारखं नेहमीचं होतं. बाबा पोस्टात होते आणि रविवारी विहारात. वाचनालय, शिष्यवृत्तीचे फॉर्म, वस्तीतला नळ, सगळ्याची पत्रकं आमच्या जेवणाच्या टेबलावर तयार व्हायची. घड्या घालायचं काम माझं. बाबांचे तीन नियम होते. एका पत्रकात एकच मागणी. वाक्य एका दमात वाचता आलं पाहिजे. आणि 'शक्यतो', 'बहुधा', 'सहसा' असले शब्द अजिबात नकोत. ते दिसले की माणूस त्या कागदाची पुडी करतो. हे नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. या लेखातली सगळी भानगड तिसऱ्या नियमामुळे झाली, म्हणून सांगून ठेवते.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: "आमचा कुत्रा इतका प्रेमळ, कुणावर भुंकतसुद्धा नाही, मग बाकीची कुत्री नेमकी त्याच्यावरच का धावून जातात?"

पहिली काही वर्षं माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. बाकीच्या कुत्र्यांना माणसांनी बिघडवलंय. दगड मारून, साखळीला बांधून, उपाशी ठेवून. 'कुत्रा चावत नाही, माणूस चावायला लावतो!' हे माझं पत्रक होतं आणि ते फार गाजलं होतं. अजूनही मला ते अर्धं खरं वाटतं.

उरलेल्या अर्ध्यापायी हिंजवडीत मी एकदा काय केलं ते ऐका. एका उंच इमारतीत संगणकावर काम करणारं तरुण जोडपं. त्यांचा वर्षभराचा कुत्रा अगदी हसतमुख. दर रविवारी सोसायटीच्या बागेत बारा कुत्री सोडायची आणि त्यातली अकरा याच्यावर गुरगुरायची. ती मुलगी जवळजवळ रडत म्हणाली, "मॅम, आमचा बेबी फक्त हाय करायला जातो. बाकीचे सगळे टॉक्सिक आहेत." मला ते शंभर टक्के पटलं. मी त्या अकरा कुत्र्यांच्या मालकांना बागेतच उभं करून अर्धा तास झापलं. दुखावलेली कुत्री, जबाबदार पालकत्व, सगळं. खाली मान घालून ऐकलं बिचाऱ्यांनी. अकरा कुत्री एका आवाजात काहीतरी सांगत असतील तर एकदा ऐकून घ्यावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी खुशीत घरी आले.

आता नारायण पेठ.

आमची पत्रकं नारायण पेठेतल्या दाभाडेकाकांच्या छापखान्यात छापली जातात. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि आम्ही. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. छापखान्याच्या दारात दगडी पायरी आणि त्या पायरीवर शाई. शाई म्हणजे कुत्री. काळीभोर, डाव्या कानाला आमची खूण, आणि मागचा उजवा पाय जरा फेकत चालणारी, कारण कधीकाळी कुठल्यातरी गाडीनं तिला धडक दिली होती. वय नऊ तरी असेल. मी नोकरीला लागल्यावर माझ्या हातानं जाळीत आलेलं पहिलं कुत्रं तीच. मनगटावरची खूण तिचीच आहे. त्यानंतर आमचं बरं चाललं होतं. ती कुणाच्या वाटेला जात नसे आणि कुणासाठी पायरीवरून उठत नसे. गाडीवाल्यांनी हॉर्न वाजवले तरी ती शेपटी तेवढी आत घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात दाभाडेकाकांचा फोन आला. "ताई, पत्रकं झालीत, घेऊन जा. आणि दुसरं म्हणजे, शाईला नेणार आहेत."

"कोण नेणार?"

"समोरची इमारत. लिमयेबाईंच्या बंडूला चावली ती. दोनदा. कानाला टाके पडले त्याच्या. रविवारी सभा आहे."

समोर पाच मजली नवी इमारत झाली आहे. तिचे सेक्रेटरी पेंडसे. त्यांच्या ओळखीच्या कुणाचातरी शहराबाहेर कुत्र्यांचा निवारा होता, पत्र्याची शेड आणि आत पन्नास कुत्री. तिथे जागा झाली होती. पेंडसे हे अगदी सौजन्यानं सांगत होते: "आम्ही काय मारतोय का तिला? खायला-प्यायला मिळेल." मी अशा शेड पाहिल्या आहेत. नऊ वर्षं एका पायरीवर काढलेली लंगडी कुत्री पन्नास अनोळखी कुत्र्यांत टाकली की ती कोपरा धरते, मग खाणं सोडते. पुढचं लिहीत नाही.

अर्ज टाइप होऊन तयार होता. मूळ तक्रारदार म्हणून पहिली सही लिमयेकाकूंची हवी होती; बाकीचे तिच्याखाली करणार होते. म्हणून मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला आणि थेट त्यांची बेल वाजवली.

दार उघडलं आणि पत्रकं जिन्यावर पसरली. बंडू माझ्या खांद्यावर दोन पंजे ठेवून माझं तोंड चाटत होता. तांबूस, दणकट, दोन वर्षांचा, शेपटीसकट अख्खं ढुंगण हलवणारा. एका कानावर टाक्यांची रेघ.

"त्याला सगळे आवडतात," काकू म्हणाल्या. सत्तरीच्या, बारीक, चष्मा दोरीला. "तुमचं काय काम आहे?"

मी काम सांगितलं. जरा जोरातच सांगितलं असावं, कारण वरच्या मजल्यावरचं कुणीतरी जिन्यात आलं.

"ओरडू नकोस गं, मला ऐकू येतं. कान फाटला तो बंडूचा," काकू म्हणाल्या. "माझा कुत्रा शेपटी हलवत जातो आणि ती दात काढते. यात तुझं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं, काकू, जाळीत धरली तेव्हा मला चावली ते सोडलं तर ती नऊ वर्षांत कुणाला चावलेली नाही."

"मग आता सुरुवात केली. पत्रकं उचल, पाय घसरेल कुणाचा."

मी चिडले. चिडले की मी पुरावे गोळा करते. मला खात्री होती की या बाई बंडूला आवरत नाहीत, पट्टा हातातून सोडतात, आणि ते मी कॅमेऱ्यात पकडलं की सभेत पेंडशांच्या तोंडावर फेकायचं. शिवाय दोघं पुन्हा भिडलीच तर मध्ये पडायला मी तिथे हवीच होते. तीन सकाळी मी छापखान्याच्या दारात मोबाइल धरून बसले. पहिले दोन दिवस बंडू दुसऱ्या दिशेनं फिरायला गेला. तिसऱ्या दिवशी आला.

सगळं चार-पाच सेकंदांत झालं. बंडूनं शाईला पाहिलं, काकूंना ओढत तो सरळ तिच्या तोंडाशी गेला, आणि 'खर्र' असा आवाज होऊन शाई त्याच्या मानेवर. मी मोबाइल खिशात कोंबून छापखान्यातला पत्र्याचा ट्रे जमिनीवर आपटला तशी ती सुटली. रक्त नव्हतं. बंडू किंचाळला, मग पुन्हा शेपटी हलवत तिच्याकडेच जायला निघाला! काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला होता. पट्टा ताणलेला स्पष्ट आला होता व्हिडिओत.

संध्याकाळी मी तो घेऊन वर गेले. "बघा, काकू. तुमचा हात बघा."

त्यांनी दोरीचा चष्मा चढवला. एकदा पाहिलं. म्हणाल्या, "हळू चालतं का हे?"

मी हळू केलं. त्यांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा. मी तिथे आहे हे त्या विसरल्या असाव्यात. काकू बँकेत होत्या आणि बरीच वर्षं त्यांचं काम सह्या पडताळायचं होतं. "खोटी सही एका नजरेत कळत नाही," त्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "पण कुठेतरी हात अडखळलेला असतो. तेवढी जागा शोधायची. थांबव. इथे बघ, हिनं तोंड फिरवलं."

शाईनं खरंच तोंड फिरवलं होतं. बंडू अजून दहा पावलं लांब होता.

"पुढे घे. जीभ काढून नाकावर फिरवली. पुढे. आता ती भिंतीकडे सरकली, अर्धी वीत. पुढे. तोंड मिटलं, इतका वेळ उघडं होतं. आता थांबव." काकूंनी बोट टेकवलं. "इथे ती हलतच नाहीये. दगड."

"हो."

"चार वेळा नको म्हणाली. पाचव्यांदा दगड झाली. मग ओरडली. आणि हा..." त्यांनी शेजारी पसरलेल्या बंडूकडे पाहिलं, "हा काय करतोय? याला दिसत नाही?"

आता इथे जरा धंद्याचं सांगते, कारण काकूंना मी तेव्हा जे सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. दोन भल्या कुत्र्यांची गाठ पडते तेव्हा ती सरळ रेषेत येत नाहीत. वळसा घेतात. एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, मध्येच जमीन हुंगतात, तोंड बाजूला करतात. 'मी येतोय, चालेल ना?' असं एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. मग मागून वास, दोन-तीन क्षण, आणि बाजूला. जो कुत्रा समोरून, छाती काढून, नजरेला नजर देऊन धावत येतो, दुसऱ्याच्या खांद्यावर पंजा टाकतो, तोंडात तोंड घालतो, तो मनातून कितीही प्रेमळ असो, समोरच्याच्या भाषेत तो दांडगाई करत असतो. शेपटी हलतेय म्हणजे सगळं आलबेल, हा माणसांचा समज. त्यात पट्टा मागून ताणलेला असला की कुत्र्याची छाती आणखी वर येते आणि तो हल्ल्याला निघाल्यासारखा दिसतो. समोरची कुत्री म्हातारी असेल, तिचा पाय दुखत असेल, पाठीला भिंत असेल, तर तिच्याकडे दात सोडून उरतं काय?

हे सगळं मला माहीत होतं! कामाला लागताना आमच्या डॉक्टरांनी एकेक खूण दाखवून शिकवलं होतं. पण मी त्या खुणा नेहमी दोषी ठरलेल्या कुत्र्याची बाजू मांडायला वापरायचे, आणि प्रेमळ कुत्र्याला तर मी तपासतच नसे. त्याला कशाला तपासायचं? तो शेपटी हलवतोय.

"तो पाच आठवड्यांचा असताना आला माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "हे गेले त्याच्या पुढच्या महिन्यात. कुणीतरी टोपलीत घालून आणून दिला."

"आईपासून फार लवकर तोडला त्याला. असलं काही केलं की आई आणि भावंडं गुरगुरून शिकवतात. ते राहिलं त्याचं."

"मग मी शिकवायचं कसं, ते कुणी सांगितलं? मी तर सांगितलं तेच केलं. अक्षरशः." त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिजवर चिकटवलेला कागद घेऊन आल्या.

पिवळा कागद. माझं पत्रक. दोन वर्षांपूर्वीचं. 'आपल्या कुत्र्याला रोज एका नव्या कुत्र्याला भेटवा! अडवू नका! मैत्री होऊ द्या!' तीन उद्गारचिन्हं.

काकूंनी दोन वर्षं ते पाळलं होतं. रोज, औषधासारखं. रस्त्यात कुत्रं दिसलं की बंडूला त्याच्या तोंडाशी नेऊन उभं करायचं. ते गुरगुरलं तरी पट्टा मागे घ्यायचा नाही, कारण पत्रकात 'अडवू नका' लिहिलंय. बंडूला त्यांनी प्रयत्नपूर्वक, माझ्या सांगण्यावरून, गल्लीतला सगळ्यात असह्य प्राणी बनवलं होतं.

डॉक्टरांनी मला तेव्हा काय सांगितलं होतं ते मला लख्ख आठवलं. पिल्लू चार महिन्यांच्या आतलं असेल तर. समोरचं कुत्रं शांत, ओळखीचं असेल तर. थोडाच वेळ. आणि समोरच्यानं तोंड फिरवलं की आपलं लगेच बाजूला घ्यायचं, शक्यतो. एवढ्या अटी. मी त्या एकेक करून उडवल्या होत्या, वाक्य एका दमात वाचता यावं म्हणून. 'शक्यतो' तर मी अभिमानानं खोडलं होतं.

"तारीख टाकलीस," काकू कागद उलटसुलट बघत म्हणाल्या. "छापणाऱ्याचं नाव टाकलंस. अट तेवढी टाकली नाहीस."

बंडूनं माझं तोंड चाटलं.

रविवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये सभा झाली. माझं भाषण तयार होतं, जळजळीत. ते पर्समध्येच राहिलं. मी उभी राहिले आणि म्हणाले की चूक माझी आहे, माझ्या पत्रकाची आहे. बंडू बिनभाषेचा वाढलाय आणि शाई त्याला चार वेळा सांगून मगच चावते. व्हिडिओ दाखवला. हे बोलताना कान तापले होते माझे. लोकांना दोष देताना कधी तापले नव्हते.

पेंडसे हसून म्हणाले, "म्हणजे ताई, चावणारी निर्दोष आणि चावून घेणारा गुन्हेगार? उद्या खिसेकापूंचंही असंच सांगाल. खिसाच पुढे आला होता म्हणून." लोक हसले. विनोद चांगला होता, मलाही हसू आलं असतं.

"पेंडसे," काकू खुर्चीतूनच म्हणाल्या, "कान कुणाचा फाटला?"

"तुमच्या बंडूचा."

"तक्रार कुणाची?"

"तुमची."

"मग हसताय तुम्ही कशाला? तो कागद द्या इकडे." त्यांनी अर्ज घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. "मी एक महिना सही करणार नाही. या मुलीनं बिघडवलंय, हीच दुरुस्त करेल. महिन्यात शाईनं पुन्हा बंडूला तोंड लावलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सही करून तुमच्या दारात आणून देईन."

त्या माझ्याकडे वळल्या. "महिना म्हणजे तीस दिवस."

तीस दिवसांत मी जे केलं ते सांगायला अगदीच नीरस आहे, आणि आमचं खरं काम हेच. भांडण सोडवणं सोपं असतं. भांडण न होण्याची सवय लावायला रोज सकाळी सहाला उठावं लागतं.

गल्लीत वळसा घ्यायला जागाच नव्हती. अर्धा गुन्हा त्या गल्लीचा होता. म्हणून पहिले पंधरा दिवस आम्ही नदीकाठच्या रस्त्यावर गेलो. दाभाडेकाका बिस्किटाचा पुडा घेऊन पुढे, त्यांच्यामागे शाई, तिला दोरीबिरी काही नाही. तिला चालायला लावण्याआधी डॉक्टरांनी तिचा पाय तपासून दुखण्याचं औषध सुरू केलं होतं. ते आम्ही वर्षानुवर्षं केलं नव्हतं, हाही माझ्याच नावावर टाका. आम्ही तिच्या वेगानं चालायचो आणि ती बसली की बसायचो. रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं काकू आणि बंडू, लांब सैल पट्ट्यावर. एकाच दिशेनं चालायचं. भेट नाही, बोलणं नाही. बंडूनं शाईकडे टक लावली की मी त्याचं नाव घ्यायचे. त्यानं नजर काढून माझ्याकडे पाहिलं की पनीरचा तुकडा. काकूंच्या घरात अंडं चालत नाही.

"हे म्हणजे आमच्या वेळचं ठरवून केलेलं लग्न दिसतंय," दाभाडेकाका पलीकडून ओरडायचे. "एकमेकांकडे बघायचं नाही, नुसतं बरोबर चालायचं!"

"तुमचं टिकलं ना?" काकू इकडून.

"टिकलं की! पन्नास वर्षं. वळसा घेऊनच जातो मी अजून."

रोज अंतर एखाद्या हातानं कमी. बाराव्या दिवशी पट्ट्याची कडी निसटली आणि बंडू मोकाट सुटला. सरळ रेषेत, शाईच्या दिशेनं. माझ्या डोळ्यांसमोर पत्र्याची शेड आली. काकूंनी हाक मारली नाही. मीच सांगितलं होतं, ओरडायचं नाही. शाई दगड झाली. आणि चार पावलांवर बंडू थांबला. कसाबसा, घसरत. त्यानं तोंड फिरवलं. रस्त्यात काहीही नव्हतं तरी जमीन हुंगली. शाई एकदाच गुरगुरली आणि पाय फेकत बिस्किटाकडे गेली. काकू कठड्यावर बसल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"सही खरी होती का?" मी विचारलं.

"हात अडखळला नाही," त्या म्हणाल्या.

नंतर आम्ही गल्लीत आलो. तिथे दाभाडेकाकांनी छापखान्याच्या शेजारच्या कागद ठेवायच्या खोलीचं दार सकाळी अर्धं उघडं ठेवायला सुरुवात केली. शाई पायरीवर असेल तर काकूंनी बंडूला त्या दारात वळवायचं, तो हुंगाहुंगी करून शांत झाला की पुढे. गल्लीनं न दिलेला वळसा आम्ही कागदाच्या रिमांमध्ये करून घेतला.

सव्विसाव्या दिवशी ते दार गठ्ठ्यांनी अडलं होतं. बाहेर हातगाडीवरून कागद उतरत होता आणि गाडीनं अर्धी गल्ली अडवली होती. काकू आणि बंडू मधोमध. मागे स्कूटर, पुढे पायरी, पायरीवर शाई. चार हातांचं अंतर. मी छापखान्याच्या आत, हातात काहीच नाही, पत्र्याचा ट्रेसुद्धा नाही.

बंडू उभा राहिला. त्याची शेपटी खाली, सावकाश हलत होती. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीवरचं काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा ते हुंगत बसला. मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला. शाईनं त्या बाजूला पाहिलं. बंडूकडे पाहिलं. मग तिनं जांभई दिली आणि ती उठली.

ती पायरीवरून उठली हो, तेही बिस्किटाशिवाय! स्कूटरींसाठी, लग्नाच्या वरातींसाठी, माझ्या जाळीसाठी न उठलेली बाई. दुखरा पाय सांभाळत खाली उतरली, हातगाडीच्या चाकाला वळसा घालून बंडूच्या मागे आली, त्याचा वास घेतला, आणि मग स्वतः पाठमोरी उभी राहिली. बंडूनं हळूच नाक पुढे केलं. एक, दोन. नाक मागे घेतलं. शाई परत जाऊन पायरीच्या एका कडेला बसली. अर्धी पायरी रिकामी.

काहीही घडलं नाही. स्कूटरवाल्याला तर कळलंही नाही की त्यानं काय पाहिलं. आमच्या कामातलं यश असंच दिसतं, त्याचा फोटो येत नाही.

"चल," काकू बंडूला म्हणाल्या, आणि रोजच्यासारख्या दूध आणायला गेल्या.

त्यानंतर मी हिंजवडीच्या त्या मुलीला फोन लावला. दोन वर्षांनी. ती नीट बोलली. म्हणाली, "मॅम, त्याला आम्ही गावाला काकांकडे पाठवला. सगळ्या डॉग्जशी त्याचं वाजायचं, मग लोक बोलायला लागले." मी माझी चूक सांगितली. ती म्हणाली, "इट्स ओके, मॅम." ओके नाही ते. त्या अकरा मालकांची माफी मागायला मी एका रविवारी गेले, तिघेच भेटले. एकजण म्हणाले, "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं, पण तुम्ही फार जोरात बोलत होतात."

नवं पत्रक काढायचं ठरलं. मसुदा काकूंकडे नेला. त्यांनी लाल पेन काढलं आणि आधी सगळी उद्गारचिन्हं खोडली. मग अटी घालायला जागा पुरेना म्हणून पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर बँकेतल्या टपोऱ्या अक्षरात अख्खं पत्रक नव्यानं लिहून दिलं. 'आपला कुत्रा प्रेमळ असेल तर त्याला थांबायला शिकवा. समोरच्या कुत्र्यानं तोंड फिरवलं, तर ते उत्तर समजा. भेट शक्यतो थोडक्यात आटपा.'

बाबांना वाचून दाखवलं. "एक मागणी नाही. एका दमात वाचता येत नाही. आणि 'शक्यतो' आहे," ते म्हणाले.

"आहे, बाबा. राहणार."

"पुडी करतील."

"करू देत."

त्यांनी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. "मला दोनशे दे. विहारासमोर तीन कुत्री आहेत, रोज वाजतं त्यांचं."

एकोणतिसाव्या दिवशी मी तो कागद छापखान्यात दिला. दाभाडेकाकांनी चष्मा वर करून वाचला, मान डोलावली, आणि सवयीनं उलटून पाहिला. मागे टाइप केलेला अर्ज होता. शाईला हलवण्याबाबत. तळाला 'तक्रारदाराची सही' आणि पुढे रिकामी रेघ.

काका दारापर्यंत गेले. शाई पायरीच्या कडेला पसरली होती. उरलेली अर्धी पायरी तिनं तेव्हापासून मोकळीच ठेवली आहे. ते परत आले, कागद दिव्यासमोर धरला आणि अगदी गंभीरपणे मला विचारलं,

"ताई, कुठली बाजू छापायची म्हणालात?"